मोठ्या माणसाची चूल

आमचे हे, म्हणजे मासिंग, मोठे माणूस व्हायला निघालेत हे अंब्रिम बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्या माणसाचं पद मिळायचं तर गोल सुळ्यांचं डुक्कर स्वतःच्या हाताने मारावं लागतं. मारायला हात यांचा. वाढवायला माझा.

आमच्या डुकराला मी सोन्या म्हणायची. त्याचे वरचे सुळे लहानपणीच काढले होते, म्हणजे खालचे न अडता वळत जातात. तसल्या तोंडाने कंद चावता येत नाहीत. मग मी उकडायचं, मी चावून मऊ करायचं, मीच भरवायचं. पोरं म्हणायची, "आई, आम्हाला कधी असं भरवलंस का गं?" नव्हतं भरवलं, खरंय. सुळ्यांची पुरती कडी होईपर्यंत आमचे हे पुरुषांच्या घरात बसून "माझं डुक्कर, माझं डुक्कर" करत होते.

पदाच्या दिवशी मैदानात ढोल घुमायला लागले. हे अंगाला रंग फासून, दांडका घेऊन उभे. सोन्या ढोलांना बिचकला आणि झाडीत घुसला. यांनी हाका मारल्या, दटावलं, खोबरं दाखवलं. तो जागचा हलेना. ओढावं तर सुळा मोडायची भीती. पाहुणे तोंडावर हात ठेवून हसायला लागले.

माझी नणंद लिवोन कानाशी लागली. "वहिनी, दादाची अब्रू तुझ्या घशात अडकलीय. मार की हाक!"

गप्प बसले असते तर सोन्या जगला असता. पण नवऱ्याचं हसं झालेलंही बघवेना. मी जीभ टाळूला लावून टक्‌टक्‌ केलं. सोन्या धावत आला आणि माझ्या तळव्यात तोंड खुपसून खाऊ शोधायला लागला. हात रिकामा होता माझा. यांनी दांडका घातला.

मी ढसाढसा रडले. बायका म्हणाल्या, नवऱ्याचं किती कौतुक बाई हिला!

यांना नवं नाव मिळालं, आणि नावासोबत नियमही. या पदाच्या माणसाने बायकांच्या चुलीवरचं खायचं नाही. स्वतःची चूल, स्वतःचं रांधणं. यांनी आजवर साधं पाणी तापवलेलं नाही. आता रोज धुरात बसून डोळे पुसतात. कंद बाहेरून कोळसा, आत कच्चा.

"लेताय, नारळाच्या दुधातलं काही केलंयस का गं? वास येतोय."

"तुम्हाला काय करायचंय? मोठी माणसं तुम्ही!"

मग एक दिवस डुकराचं पिल्लू घेऊन हे दारात उभे. "पुढच्या पदासाठी. तुझ्या हाताला गुण आहे, वाढव."

"अहो, माझ्या चुलीवरचं तुम्हाला चालत नाही, मग तुमच्या डुकराला कसं चालेल?"

पिल्लू उचलून हे परत गेले. आता स्वतःच करपलेला कंद चावून भरवतात. पिल्लू थुंकून टाकतं आणि पळतं.

काल कुंपणाशी येऊन हळूच म्हणाले, "अगं, जवळ येतच नाही बघ. तू ती हाक कशी मारायचीस?"

"विसरले," मी म्हटलं.