रखमाच्या स्वेटरातली कुसळं

दहाव्याला रखमाच्या पिंडाला कावळा शिवेना. सावित्री नदीच्या काठावर आम्ही सगळे उन्हात उभे. भाऊबंदांनी बरंच काय काय कबूल करून पाहिलं. मीही सांगितलं, दुसरी बायको करणार नाही. कावळ्याला त्यात काही रस दिसला नाही. शेवटी माझा मुलगा दीपेश म्हणाला, "आये, तुला बर्फ दाखवतो." कावळा लगेच उतरला.

दीपेश दक्षिण ध्रुवाकडं जाणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी आहे. फोनवर तो बर्फ दाखवायचा आणि ही माझ्या मागं लागायची, मला तिकडं ने म्हणून. आता कावळ्याला दिलेला शब्द मोडला तर रखमा अडकून राहणार, आणि अडकली तर माझ्याच उशाशी बसणार. बोटीवरच्यांच्या आईबापांना स्वस्तात नेतात, म्हणून निघालो. अस्थी कधीच नदीत गेल्या होत्या. त्यांच्या जागी तिचा लाल स्वेटर घेतला.

आज दिवसभर नुसतं पाणी. बर्फावर उद्या उतरायचं. बोट अशी हलत होती की कशेडी घाट परवडला. तिथं एसटीच्या खिडकीतून तरी ओकता येतं. सकाळी सगळ्यांचे कपडे तपासायला घेतले. तिकडच्या जमिनीवर बाहेरचं बी पडू द्यायचं नाही, असा नियम. तपासणाऱ्या गोऱ्या बाईनं स्वेटरावर बॅटरी मारली आणि थांबली. तो घालून रखमा कुडपणच्या माळावर गवत कापायची. सगळा कुसळांनी भरलेला.

"हा बोटीवरच ठेवा म्हणते," दीपेश म्हणाला.

"तिला कावळ्याचं सांग."

"बाबा, माझी नोकरी हाय इथं!"

"कावळ्याला तू बोललास. मी नाय बोललो. सांग आता."

त्यानं सांगितलं. बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि काहीतरी विचारलं.

"कावळ्याला परत विचारता येईल का, म्हणते."

"म्हणावं, तो पोलादपूरला हाय."

बाईनं चिमटा दिला. संध्याकाळपर्यंत साफ झाला तर बघू, म्हणाली.

जेवणाच्या टेबलाशी बसलो. बोट डावीकडं गेली की चिमटा उजवीकडं. कुसळ लोकरीत शिरलं की मागं येत नाही, पुढूनच ओढावं लागतं. जन्मभर माझ्या विजारीतली कुसळं रखमानं काढली, मला शिव्या घालत. आता मी तिला घालत होतो. "गवत कापत होतीस गो, का त्यात लोळत होतीस?" शेजारचा गोरा म्हातारा दचकला आणि लांबच्या टेबलावर गेला. ओकारी आली की पिशवी, ती झाली की पुन्हा चिमटा.

संध्याकाळी बाईनं बाह्या उलट्या करून पाहिल्या. गळ्यापाशी एक सापडलं, ते तिनं स्वतःच काढलं. स्वेटर पास झाला. मग मी बांधून ठेवलेली कुसळांची पुडी तिनं मागितली, जाळायला.

दीपेश हळू आवाजात म्हणाला, "बाबा, चालंल ना? आयेची..."

"अरे, तिला एकदा जाळून झालंय. हे तर गवत हाय."

पुडी दिली.

स्वेटर घालून पाहिला. बाह्या कोपरापाशी संपल्या, पोट उघडं राहिलं.

"पेंग्विन हसतील," दीपेश म्हणाला.

"हसू देत. बर्फ तुझ्या आयेला बघायचाय, मला नाय."