भजनी मंडळ गेमिंग लाउंज

दहाव्याला कावळा शिवेना.

ओंकारेश्वराजवळच्या घाटावर सकाळी नऊपासून वासंतीचा पिंड मांडून ठेवला होता आणि कावळे समोरच्या कठड्यावर ओळीनं बसून तिकडं बघायलाही तयार नव्हते. त्यांचा तरी काय दोष? आधी तीन घरांचे पिंड होऊन गेले होते, प्रत्येकावर दहीभात आणि वडे.

"पोटं भरलीत त्यांची," वासंतीचे यजमान श्यामसुंदर परचुरे म्हणाले. "तासाभरानं या म्हणावं."

यज्ञेश्वर गुरुजींना साडेदहाला दुसरा दहावा होता. "वहिनींची काही इच्छा राहिली असेल," ते म्हणाले. "जवळच्यांनी पुढं होऊन शब्द द्यावा."

मग शब्द द्यायला रांग लागली. श्यामसुंदररावांच्या धाकट्या भावाची बायको शर्मिला हात जोडून म्हणाली, "वहिनी, भावजींच्या जेवणाचं मी बघेन." कावळे हलले नाहीत. श्यामसुंदररावांना त्यात नवल वाटलं नाही. शर्मिलाची आमटी वासंतीनं खाल्लेली होती. मुलगी तनया बंगळूरहून आली होती. ती म्हणाली, "आई, मी बाबांना रोज फोन करेन." एका कावळ्यानं मान वळवली आणि पुन्हा नदीकडं बघत बसला. शेवटी श्यामसुंदरराव स्वतः पुढं झाले. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर काय बोलावं ते सुचेना. "मी गोळ्या वेळेवर घेत जाईन," ते म्हणाले. मधल्या कावळ्यानं शेपटी उचलून कठडा घाण केला.

तेव्हा मागून शर्मिलाचा मुलगा केयूर ओरडला, "काकू, गेमिंग लाउंज काढतो! वाघोलीलाच! शप्पथ!"

कावळा सरळ खाली आला, पिंडाला चोच मारली आणि जाताना एक वडाही घेऊन गेला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. गुरुजींनी घड्याळ बघितलं. श्यामसुंदरराव मात्र होते तिथंच उभे राहिले.

"काय काढतो?" त्यांनी विचारलं.

केयूर अठ्ठावीस वर्षांचा. खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत रात्रपाळीची नोकरी, राहायला वाघोलीत भाड्याचा फ्लॅट. घरी आल्यावर काकांनी त्याला स्वयंपाकघरात नेऊन दार लावलं. बाहेर माणसं होती.

"बोल."

"काका, काकू दर आठवड्याला वाघोलीला यायची. कॉलेजांच्या मागं एक गेमिंग लाउंज होता. म्हणजे टीव्ही, सोफे, हातात रिमोट, पोरं तासावर येऊन खेळतात. काकू फुटबॉल खेळायची. दोन वर्षं."

"ती भजनी मंडळात जायची."

"भजनी मंडळाला चार तास लागतात का काका?"

"मला वाटलं, विलंबित लयीत गात असतील."

केयूरनं मान खाली घातली. तो लाउंज जानेवारीत बंद पडला, तेव्हा आपणच एक काढू असं काकू म्हणाली होती. दोघांनी मिळून एक गाळाही बघितला होता. मग तिचं दुखणं निघालं आणि विषय राहिला तो राहिलाच.

"आणि मला का नाही सांगितलं?"

"ते मी पण विचारलं होतं. ती म्हणाली, ह्यांना कळता कामा नये. का ते नाही सांगितलं."

श्यामसुंदरराव त्या रात्री नीट झोपले नाहीत, आणि पुढच्या कितीतरी रात्री. बायको गेली हे त्यांनी सोसलं असतं. सगळेच सोसतात. पण तिचा जीव अडकला तो कशात, तर एका खेळण्यात. नवऱ्याच्या गोळ्यांत नाही. आणि ते तिनं लपवलं. कुठंही निघताना त्यांना "चल" म्हणायची सवय होती. भाजीला, बँकेत, दवाखान्यात, तिच्या माहेरी, सगळीकडं दोघं बरोबर. अजूनही ते "चल" म्हणायचे आणि दारात चप्पल घालून क्षणभर थांबायचे. अशा माणसाला न सांगता बाई दोन वर्षं वाघोलीला जाते? का?

केयूरला ते माहीत नव्हतं. पण त्या जुन्या लाउंजमधल्या पोरांपैकी कुणाला तरी माहीत असणार, आणि नवा लाउंज निघाला की ती पोरं येणार. त्यानंतर पंधराव्या दिवशी त्यांनी केयूरला फोन केला.

"काढू आपण ते."

"काका, सीरियसली?"

"चारचौघांत शब्द दिलायस ना? कावळ्यानं ऐकलाय. आता सुटका नाही."

शर्मिलानं विरोध केला. वर्षाच्या आत घरात नवीन काही करत नाहीत, हे भावजींना कळू नये? श्यामसुंदररावांनी गुरुजींना फोन लावून स्पीकरवर ठेवला. गुरुजी म्हणाले, गेलेल्या माणसाची इच्छा पूर्ण करण्याला शुभकार्य म्हणत नाहीत, त्यामुळं अडचण नाही. फक्त नारळ फोडू नका आणि पेढे वाटू नका. "तो खर्चही वाचला," श्यामसुंदरराव शर्मिलाला म्हणाले.

नावावरून मात्र वाद झाला. केयूरनं इंग्रजी नावांची यादी आणली होती. एकाचाही अर्थ सांगताना त्याला तीन वाक्यांच्या आत थांबता येईना. काकांनी यादी घडी करून परत दिली.

"भजनी मंडळ."

"काय?"

"ती कुठं जायची? भजनी मंडळात. तेच नाव. भजनी मंडळ गेमिंग लाउंज."

हे ते रागानं बोलले होते. पण पोरांना ते नाव भलतंच आवडलं. पाटी लागली त्याच दिवशी तिचे फोटो सगळीकडं फिरले. "ममा, भजनी मंडळात आहे," असं फोनवर खरं सांगता येतं म्हणून मुली खूश. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सोसायटीतल्या दोन बायका टाळ घेऊन आल्या आणि सराव कधी असतो म्हणून विचारू लागल्या. केयूरनं त्यांना बसवलं, सरबत दिलं. त्यातल्या वेणूबाई जाताना एक गोल करून गेल्या.

पहिला आठवडा सहाही सोफे भरलेले होते. दुसऱ्यात तीन. तिसऱ्या आठवड्यात एका सोफ्यावर केयूर बसायचा, रिकामं दिसू नये म्हणून.

कारण काका होते.

श्यामसुंदररावांनी बुधवार पेठेत तेहतीस वर्षं रेडिओ आणि ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. कुठलीही वस्तू आधी पूर्ण समजून घ्यायची, मगच हात लावायचा, ही त्यांची रीत. त्यांनी फुटबॉलच्या खेळाची सगळी माहिती केयूरकडून छापून घेतली, तिला पुठ्ठा लावला आणि पाठ केली. रिमोटची दांडी आपोआप डावीकडं सरकायला लागली की तो उघडून ते दहा मिनिटांत ठीक करायचे. इथवर उत्तम होतं. पण रिमोट ठीक झाला की ते पोरांच्या सोफ्यामागं जाऊन उभे राहायचे.

"डावीकडं पास दे. अरे, मोकळा आहे तो."

"काका, मी बघतो ना."

"बघत नाहीयेस, म्हणून तर सांगतोय. पान बावीसवर दिलंय."

कुणी ओरडलं की विचारायचे, "ओरडल्यानं गोल होतो का?" कुणी शिवी दिली की, "ही घरी देता का?" पोरं बिचारी चांगल्या घरची. काकांना उलटून बोलणार नाहीत. हळू आवाजात खेळायची, लायब्ररीत बसल्यासारखी, आणि तास भरला की "थँक्यू काका" म्हणून जी जायची ती पुन्हा यायची नाहीत. साई नावाच्या एका पोरानं तर केयूरला बाहेर गाठून विचारलं, "भाई, ते अंकल ऑफलाइन कधी असतात?"

केयूरनं आडून सुचवून बघितलं. "काका, तुम्ही रोज एवढ्या लांब येता. दमत असाल."

"घरी बसून दमतो जास्त," काका म्हणाले.

आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती माहिती काही मिळेना. जुन्या लाउंजमधली पोरं पास होऊन पांगली होती. जी यायची त्यांना "वासंतीबाई परचुरे कुणाला माहीत आहेत का?" असं विचारलं की ती एकमेकांकडं बघायची.

चौथ्या आठवड्यात राजनंदिनी आली. मूळची वाशीमची, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. आत शिरतानाच तिनं भिंतीवरचा वासंतीचा फोटो बघितला आणि तिथंच थांबली.

"ह्या तर व्हीपी मॅम आहेत."

श्यामसुंदररावांच्या हातात पेचकस होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"तुम्ही ओळखता हिला?"

"ओळखता काय काका, लिटरली माझी इज्जत काढायच्या त्या. पूर्ण जुन्या ग्रुपला हरवायच्या. कोपऱ्यातून किक मारताना म्हणायच्या, हा पस्तीस अंशाचा कोन आहे गं, नववीचं गणित आहे, आणि तुला इंजिनिअरिंगला कुणी घेतलं? आणि रेफरीला तर काय काय बोलायच्या!" ती एकदम थांबली. "पण त्यांचा फोटो इथं... हार..."

"जूनमध्ये गेली. मी तिचा नवरा."

राजनंदिनी खाली बसली. केयूरनं पाण्याची बाटली आणून तिच्यासमोर ठेवली आणि लांब जाऊन उभा राहिला.

"एक विचारू?" श्यामसुंदरराव म्हणाले. "ती वाघोलीला खेळायला येते हे तिनं मला कधी सांगितलं नाही. दोन वर्षं. तुम्हाला कधी काही बोलली का त्याबद्दल?"

राजनंदिनीनं केयूरकडं बघितलं. केयूरनं छताकडं बघितलं.

"सांग बेटा. मी काही रडत नाही."

"काका, राग नका मानू. मी एकदा म्हटलं होतं त्यांना, मॅम, सरांना पण आणा ना एकदा. तर त्या एकदम घाबरून म्हणाल्या, 'अजिबात नको. त्यांना कळलं तर ते बरोबर येतील.'"

"बरोबर येतील?"

"हो. म्हणाल्या, 'येतील, आधी सगळं वाचून काढतील आणि मग माझ्या मागं उभं राहून मला शिकवतील. माणूस लाखात एक आहे गं. पण सगळीकडं बरोबर असतो.'"

श्यामसुंदररावांनी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांच्या डोळ्यासमोर वासंती नव्हे, साईचा सोफा आला. त्याच्या मागं उभे असलेले ते स्वतः. पान बावीस.

मग ते हसायला लागले. असे हसले की केयूर घाबरून धावत आला. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी रिमोट पुसायच्या फडक्यानं पुसलं, आणि त्या फडक्याला स्पिरिट होतं म्हणून आणखी आलं.

"सटवी," ते म्हणाले. "मेल्यावर तरी मोकळी होईल म्हणावं, तर आम्ही आलोच इथंही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठा लावलेलं पुस्तक रद्दीत घातलं आणि केयूरला सांगितलं, "चार ते आठ पोरं असतात. त्या वेळात मी आत येणार नाही. रिमोट बिघडला तर बाहेर आणून दे."

"काका, असं काही नाही हो. तुमचंच आहे हे."

"केयूर, तू आईसारखा गोड बोलू नकोस. जमत नाही तुम्हाला."

रस्त्याच्या पलीकडं मालनबाईंची चहाची टपरी होती. श्यामसुंदरराव चार वाजता तिथल्या बाकावर जाऊन बसले. पहिल्या दिवशी आतून काहीच ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी थोडं. आठवडा उलटल्यावर असा गोंगाट व्हायला लागला की टपरीवरची माणसं मान वळवून बघू लागली. राजनंदिनीनं सगळं वसतिगृह आणलं होतं. काचेवर पोरांच्या सावल्या उड्या मारत होत्या. कुणीतरी रेफरीच्या आईचा उद्धार केला.

श्यामसुंदररावांचे पाय दोनदा आपोआप उठले. रिमोट आपटताहेत ते. दांडी जाईल. निदान काचेतून बघून यावं. ते रस्त्याच्या कडेपर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

मालनबाई हे पाच-सहा दिवस बघत होत्या. कप विसळता विसळता म्हणाल्या, "ओ दादा, दुकान तुमचंच हाय ना?"

"बायकोचं आहे."

"मग आत जावा की. का भांडन झालंय?"

"भांडण नाही. वारली ती. मी तिच्या मागं मागं करू नये अशी तिची इच्छा होती."

मालनबाईंनी कप पालथा घातला आणि कमरेवर हात ठेवला. "आन् जित्ती हुती तवा ऐकलं का तिचं?"

"नाही."

"मग आत्ता कशाला ऐकताय?"

पलीकडं पुन्हा आरडाओरडा झाला. बहुतेक गोल झाला असावा. नाहीतर हुकला असावा. बाहेरून कळायला मार्ग नव्हता. श्यामसुंदररावांनी मान उंच करून बघितलं, काही दिसेना, आणि मग बाकावर नीट मागं टेकून बसले.

"तेव्हा तिनं सांगितलंच नव्हतं," ते म्हणाले. "अजून एक अर्धा द्या. साखर कमी."