लवेची भेंडी

"अहो, पुरे करा आता! पिकाला खाऊ घालताय की किड्यांना?"

बायकोनं युरियाच्या पोत्यावरच बसकण मारली, तेव्हा नवरा कपाळाला हात लावून उभा राहिला. भेंडीची पानं कडेनं पिवळी पडून वाटीसारखी वळली होती. पान उलटलं की हिरवे तुडतुडे तिरके पळायचे.

"पिवळं पडलंय म्हणजे भुकेलंय. ऊठ."

"मागेही हेच म्हणालात. काळोखी आली, गाव बघायला आलं, अन् पाठोपाठ हे आले."

काळोखी खरंच आली होती. पानं अशी गर्द, लुसलुशीत की रस्त्यानं जाणारा थांबून वाहवा करायचा. ती तुडतुड्यांनाही आवडेल, एवढं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि खरं सांगायचं तर हे सगळं बायकोवरच्या मायेपोटी झालेलं. सासूची जुनी भेंडी लवेची, पानापासून फळापर्यंत सगळं खरखरीत. तोडणी झाली की सुनेचे हात कोपरापर्यंत सुजायचे. नवऱ्याला बघवेना. त्यानं गुळगुळीत वाणाचं बी आणलं, ह्यांचं बघून गावानंही तेच लावलं. सासू तेव्हा गुडघ्यांपायी अंथरुणाला खिळलेली, त्यात जुनं बी धरायचं राहूनच गेलं. आता सुनेला स्वतःच्या मऊ हातांचाच राग यायचा.

ती तणतणत पलीकडच्या बांधाला गेली. तिथवर युरिया पुरला नव्हता. पानं लहान, राठ, पण किडे कमी. त्यातच एक उंच, ओबडधोबड झाड होतं. तिनं हात लावला अन् झटकन मागं घेतला. खाज! पान उलटलं, तर एक तुडतुडा नाही.

"अहो, इकडं या! हे आईंच्या जुन्या भेंडीचं झाड दिसतंय, आपसूक उगवलेलं. आईंना घेऊन येते, तोवर ह्याला जपा!"

सासू काठी टेकत, वाटेत दोनदा बसत आली. पानावरून बोट फिरवलं आणि म्हातारीचे डोळे भरले.

"माझीच गं ही! लव असली की मेल्यांना बूड टेकवता येत नाही. भेंड्या अजून कोवळ्या आहेत, दाणा भरलेला नाही. एकही तोडू नका. वाळल्या की बी झालं, पुढच्या साली पुन्हा उभे राहू."

नवरा रिकामं घमेलं झटकत हसत आला. कितीतरी दिवसांनी हसला होता.

"जपलं की! पोत्यात होता तेवढा युरिया ह्याच्याच बुडात घातला. वर पाणीही सोडलं."

सून गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी माती उपसू लागली. युरियाचे दाणे केव्हाच विरघळले होते. सासूनं काठी खाली ठेवली.

"अरे लेकरा," एवढंच ती म्हणाली.

"का? काय झालं?" तो एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. बायकोला ओरडायचं होतं, पण काय म्हणून ओरडणार? जपा असं तिनंच सांगितलं होतं, आणि जपायची त्याला हीच एक रीत ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी खतानं मुळं जळून त्या झाडानं मान टाकली. कोवळ्या भेंड्या सुकून लोंबत होत्या. पानांवर तेव्हाही एक तुडतुडा नव्हता.