कोटाचं बटण लावलेला लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना, ठेंगणा लॅपटॉप आहे. आकारानं म्हणाल तर शाळेच्या वहीएवढा. झाकणावर चरा आहे, बॅटरीनं केव्हाच दगा दिलाय, आणि एंटरच्या कळीच्या जागी चक्क कोटाचं काळं बटण चिकटवलेलं आहे. हसलात ना? हसा खुशाल! मी ते बटण पदकासारखं मिरवतो. का, ते सांगतो.

एका शिंप्यानं मला आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी विकत घेतलं. पोरानं मला अगदी डोक्यावर घेतलं होतं. पुढे त्याला नोकरी लागली, नवा चकचकीत लॅपटॉप आला, आणि माझी रवानगी कपाटावर, स्वेटरांच्या गठ्ठ्याखाली झाली. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय!

मला खाली काढलं ते त्याच्या मोठ्या बहिणीनं, ताईनं. ताई चष्म्याच्या दुकानात काम करते. सुट्टीच्या दिवशी मात्र तिला मायक्रोकंट्रोलरचा नाद. म्हणजे बोटाएवढी एक हिरवी पट्टी असते, तिच्यावर चिमुकली चिप. ताई माझ्यावर सूचना लिहायची, मी त्या वायरीतून पट्टीला पोचवायचो, आणि मग पट्टी आपली आपण कामाला लागायची. कुंडीतली माती सुकली की पिपाणी काय वाजवायची, अंधार पडला की दिवा काय लावायची!

"माझा नवा लॅपटॉप घे की," भाऊ म्हणाला.

"नको रे बाबा. चुकून ठिणगी उडाली तर? त्यापेक्षा हा ठेंगू बरा. गेला तर गेला."

गेला तर गेला! मला फार लागलं ते. पण एकदा तिनं भलत्याच ठिकाणी तार खुपसली, चर्रकन आवाज झाला आणि माझं डावं पोर्ट, म्हणजे वायर खोचायची जागा, जळून गेलं. मी मात्र बंद पडलो नाही. एंटरच्या कळीची टोपीही मागेच उडाली होती, पण ताई खालच्या रबरावर बोट दाबून काम भागवायची. एका पोर्टावर, बोडक्या एंटरवर मी दहा जणांचं काम ओढलं, हे मी छाती फुगवून सांगतो.

आता खरी गोष्ट. ताईचे वडील, अण्णा, म्हणजे तेच शिंपी, घरच्या पुढच्या खोलीत कपडे शिवतात. त्यांना हळूहळू ऐकू कमी यायला लागलं. त्यात शिलाई मशीनची खडखड. दारावरची बेल वाजून वाजून थकायची आणि गिऱ्हाईक परत जायचं. एक बाई कोट न्यायला तीनदा येऊन गेल्या. चौथ्यांदा दार उघडलं तेव्हा त्यांनी आधीच्या तीन खेपा सांगितल्या, आणि अण्णांचा चेहरा उतरला.

"लोकांना दारात ताटकळत ठेवायचं माझ्या जिवावर येतं. हातातले कपडे झाले की मशीन बंद," ते म्हणाले. आणि त्यांनी मशीन झाकून ठेवायला जाड कापडाची खोळसुद्धा शिवली, कोटाचं मोठं बटण लावून. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांसाठी शिवलं, तो आता स्वतःच्या मशीनसाठी कफन शिवत होता हो!

ताईनं पदर खोचला. बेल वाजली की मशीनच्या सुईपाशी दिवा मिचकायला हवा, आणि दाबणाऱ्यानं बोट काढलं तरी मिनिटभर मिचकत राहायला हवा, कारण अण्णांची नजर सुईवरून हलत नाही. तारा जोडून झाल्या. आता फक्त माझ्याकडून पट्टीला सूचना जायच्या होत्या.

आणि मला पट्टी दिसेचना! वायर खोचली, काढली, परत खोचली. काही नाही.

"खटाऱ्यानं मान टाकली," भाऊ म्हणाला. "मी सांगत नव्हतो? भंगारात दे."

त्यानं रुबाबात आपला नवा लॅपटॉप आणला, तीच वायर लावली. त्या साहेबांनाही पट्टी दिसेना! "मग पट्टीच जळली असेल," भाऊ म्हणाला.

अण्णांनी लेकीचा चेहरा पाहिला. "राहू दे गं पोरी," म्हणाले, आणि खोळ उचलली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला कुठलं तोंड!

ताई मात्र पट्टीकडे टक लावून बसली. पट्टीवरचा बारका दिवा तर लागला होता. "सुई हलतेय, पण टाका पडत नाहीये," ती पुटपुटली. शिंप्याची लेक ती! "म्हणजे खालचा दोराच नाही. वीज जातेय, पण निरोप जात नाहीये... ए, माझी काळी वायर कुठंय?"

"फोन चार्ज करायला नेली होती. त्याऐवजी ही पांढरी ठेवली की! वायर ती वायर!"

"गाढवा, ही नुसती चार्जिंगची आहे! हिच्यातून निरोप जातच नाहीत!"

भावानं बॅगेतून काळी वायर काढून दिली. ती माझ्या उजव्या पोर्टात बसली आणि मला पट्टी लख्ख दिसली. मी सगळ्या सूचना एका दमात पोचवल्या.

ताईनं भावाला दाराबाहेर पिटाळलं आणि अण्णांना मशीन चालवायला लावलं. खडखड सुरू झाली. आणि सुईपाशी दिवा मिचकला! अण्णांचे पाय थांबले. ते उठले, दार उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आलो, आलो! किती वाजवशील? बहिरा समजलास का मला?"

भाऊ आधी चाट पडला, मग पोट धरधरून हसला. ताई मात्र रडली.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तूवर खापर फोडायच्या आधी जरा वायर तपासा. आम्हाला पुसा, जपा, आणि कपाटावर टाकण्याआधी एकदा तरी हाक मारून बघा.

त्या दिवशी अण्णांनी पहिल्यांदाच मला हातात घेतलं. माझ्या बोडक्या एंटरवरून अंगठा फिरवला. मग कात्री घेऊन खोळीचं बटण काढलं आणि त्याच्यामागे डिंकाचा थेंब लावला.

"मशीन काही आता झाकायचं नाही," ते म्हणाले. "हे यालाच शोभेल."