हाकेआधी जाहिरात

मुंजाबाचं टाळकं जाम सणकलं होतं. बायको बानाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, आणि मेंढरं ऐकायची फक्त तिच्याच हाकेला. म्हणून जाताना तिनं आपली हाक त्याच्या मोबाइलात भरून दिली होती. बटण दाबलं की "हुर्रऽ, या गं बायांनो," आणि सगळा कळप मुंडी खाली घालून मागं.

मग मोबाइलची काच फुटली. छावणी बाजारातल्या शंतनूच्या मोबाइल-दुकानात दुरुस्तीला टाकला, तर त्यानं न विचारता अपडेटही मारून दिला. पालावर येऊन बघतो तर मोबाइलात बिनबोलावलं वऱ्हाड. पत्त्यांचे खेळ, कर्जवाले, आणि गाणी वाजवणारं एक नवंच बुजगावणं. हाक आता त्याच्यातूनच वाजायची, अन् आधी एक बाई किंचाळायची, "रमी खेळा, लाखो जिंका." पडेगावच्या रोडवर तेवढ्यानं मेंढरं बुजली, ट्रकापुढं पांगली. एक गाभण मेंढी चाकाखालून वाचली ती केवळ नशिबानं.

तसाच तो दुकानात गेला. शंतनूनं मान वर केली नाही. "काका, ते अपडेटसोबत येतं. काढता येत नाही."

मुंजाबानं शटरची रुंदी नजरेनं मोजली अन् निघाला. तिथंच शंतनूनं सावध व्हायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं अन् मुंजाबा एडक्याची दोरी धरून आत. एडक्यामागं अख्खा कळप. खुर्चीखाली मेंढी, चार्जरच्या वायरीत मेंढी. शंतनू भिंतीला चिकटून म्हणाला, आधी हे बाहेर काढा.

"मेंढरं माझ्या बायकोच्या हाकेवरच निघत्यात. वाजवू?"

वाजवली. रमीवाली किंचाळली. मेंढरं उधळली, कव्हरांचा स्टँड आडवा झाला, एक मेंढी तर थेट काउंटरवर चढली.

"आणखी एकदा वाजवू का?"

"नको, नको. द्या इकडं तो मोबाइल."

शंतनूनं तो कॉम्प्युटरला जोडला. जे निघतच नव्हतं ते पटापटा निघालं. रमी गेली, कर्ज गेलं, बुजगावणंही गेलं.

मुंजाबानं रस्त्यावर उभं राहून बटण दाबलं. "हुर्रऽ, या गं बायांनो." निव्वळ बानाबाई. मेंढरं एकामागं एक शहाण्यासारखी बाहेर आली.

आत फरशीभर लेंड्या. शंतनू दारात येऊन विचारायला लागला, हे आता कोण काढणार.

मुंजाबाचा राग अजून उतरला नव्हता. त्यानं मागं वळून पाहिलंच नाही.

"ते मेंढरांसोबत येतंय, मालक. काढता येत नाय."