खारी ओढत नव्हती

मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हतो. आत्मवृत्त म्हटलं की फाटकी छत्री, मोडकं बाक, आटलेली नदी अशी मोठमोठी मंडळी येतात. त्यांच्या रांगेत कुत्र्याचा पट्टा जाऊन उभा राहिला तर लोक हसणारच. त्यात मी खरा पट्टासुद्धा नाही. म्हटलं, जाऊ दे, गप्प बसावं. पण आमच्या सोसायटीत लोक अजून म्हणतात, "खारी सुधारली हं." ते ऐकलं की माझी शिवण उसवायला लागते. खारी आधीपासूनच बरी होती. हे सांगू शकणारा एकटा मीच आहे, कारण तेव्हा ती आणि तिचा माणूस, दोघांच्या मधोमध मी होतो.

तर मी. काळा होतो, आता करडा झालोय. दोन्ही टोकांना गोल फिरणारे हूक, आणि पोटावर एक रबरी गादी. कुत्र्याच्या पट्ट्याला गादी कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी मुळात लॅपटॉपच्या बॅगेचा बंद आहे. कुठल्याशा कारखान्यात आम्ही सगळे एकाच रिळावर होतो, मग मशीनने कापून वेगळं केलं. भावंडांचं पुढे काय झालं कळलं नाही. बहुतेक आयटीतच असतील.

मी विश्वजीतच्या वाट्याला आलो. नोकरीच्या पहिल्या दिवशी कंपनीने त्याला बॅग दिली, आणि त्याच्या खांद्यावर बसून मी वारजे ते हिंजवडी करायला लागलो. काम सोपं होतं. लटकायचं आणि गप्प बसायचं. पण मॅनेजरचा फोन आला की तो खांदा एकदम कानापर्यंत चढायचा. तोंडाने विश्वजीत "शुअर, शुअर" म्हणत असायचा, खांदा मला खरं काय ते सांगायचा. माणूस तोंडाने एक बोलतो आणि अंगाने दुसरंच, हे मी तिथे शिकलो. कोणी शिकवलं नाही. बंदाला कोण क्लास लावणार.

मग बॅगेची चेन गेली. बॅग भंगारात गेली, पण विश्वजीतच्या आईने, मंदाकिनीबाईंनी, मला काढून ठेवलं. "हूक चांगले आहेत याचे. लागेल कधीतरी." त्यांच्या स्वयंपाकघरात या 'लागेल कधीतरी'वाल्यांचा एक ड्रॉवर आहे. कुकरची जुनी शिट्टी, एकट्याच उरलेल्या चाव्या, असले सगळे तिथे राहतात. तिथे कोणी कोणाला 'तू कशाला लागणार?' असं विचारत नाही. कोणालाच माहीत नसतं.

आणि एक दिवस विश्वजीतने पार्किंगमधल्या टेम्पोखालून एक पिल्लू उचलून आणलं. फिकट तपकिरी, आणि जिथे बसेल तिथे केस सांडणारं. म्हणून नाव खारी. विश्वजीत मोबाइलवर पट्टा शोधायला लागला, तेवढ्यात आईने ड्रॉवर उघडला. "विकतचा कशाला? हा आहे ना."

अशी माझी लाइन बदलली. माझा हूक तिच्या गळपट्ट्याला लागला आणि तिने वळून मला चाटलं. आयटीत इतकी वर्षं काढली, असं कोणी केलं नव्हतं.

आता पुढचं जरा मन घट्ट करून सांगतो.

विश्वजीत चांगला मुलगा आहे. खारीवर त्याचा जीव आहे. पण तिला फिरवणं हे त्याचं दोन मीटिंगच्या मधलं काम होतं. मी आधीच आखूड, त्यात तो मला तळहाताला गुंडाळायचा. कानात इअरफोन. घरात आईशी मराठी, मित्रांशी मराठी, कुत्रीशी मात्र इंग्लिश, कारण व्हिडिओतला ट्रेनर इंग्लिश बोलायचा. "नो. खारी, हील. लीव्ह इट. नो." वारज्यात टेम्पोखाली जन्मलेली पोरगी ती. शब्द तिच्या डोक्यावरून जायचे. मूठ बरोबर समजायची.

ती पहिल्या खांबापाशी थांबायची. मित्रांनो, कुत्र्यांसाठी खांब म्हणजे पाटी असते. इथून कोण गेलं, कधी गेलं, कोण आजारी आहे, कोणाचं कोणाशी बिनसलंय, सगळं त्यावर लिहिलेलं असतं आणि ते नाकाने वाचायचं असतं. पुण्यात जन्माला येऊन पाटी वाचायची नाही, हे कसं चालेल? खारी जेमतेम पहिली ओळ वाचायची की वरून झटका. "चल, खारी. टाइम नाहीये." पुढच्या खांबाला परत तेच. रोज बाहेर जाऊनही तिला गावात काय चाललंय याचा पत्ता नसायचा.

आणि मग समोरून सीतारामकाका यायचे. सोसायटीचे चेअरमन, रिटायर्ड, हातात लाडूची साखळी. लाडू म्हणजे त्यांचा गोलमटोल लॅब्राडोर. (आमच्या सोसायटीत कुत्र्यांना हाका मारल्या की माणसांना भूक लागते.) लाडू आधी विश्वजीतला दिसायचा. त्याचा खांदा कानाला जायचा, मूठ आवळायची, आणि ते सगळं माझ्यातून सरळ खाली खारीच्या मानेत. तिने लाडूला पाहिलेलंसुद्धा नसायचं. ती बिचारी बिस्किटाच्या कागदात नाक घालून उभी असायची. अचानक गळा आवळला. म्हणजे काहीतरी भयंकर आलंय. वर बघावं तर समोर लाडू. अच्छा, म्हणजे हाच तो. की सुरू, भो भो भो.

"बघा ना काका, कशी ओढते," विश्वजीत म्हणायचा.

मित्रांनो, ओढ आधी वरून यायची. मी मध्ये होतो, मला माहीत होतं. पण पट्ट्याला तोंड नसतं.

घरीही तसंच. मी दाराजवळच्या खुंटीवर असायचो. विश्वजीत आठवड्यातले निम्मे दिवस घरूनच काम करायचा, त्यामुळे सगळे म्हणायचे, खारीची मजा आहे. कसली मजा. तो मला खुंटीवरून काढायचा, हुकाचा आवाज झाला की खारी गोल गोल फिरून नाचायची, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजायचा. "वन मिनिट, खारी." मी परत खुंटीवर. ती नाच थांबवून त्याच्या टेबलाखाली जायची आणि त्याच्या पायावर हनुवटी टेकून पडायची. माणूस उठला तर आपल्याला कळलं पाहिजे, म्हणून. कोणी रागावलेलं नसायचं, कोणी मारलेलं नसायचं. तरी खुंटीवर लटकताना मला बरं वाटत नसे.

मग एकदा ती इतक्या जोरात भुंकली की सीतारामकाका दचकले आणि त्यांचा चष्मा पडला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पाटी. 'आपले कुत्रे आपणांस आवडते. इतरांस आवडलेच पाहिजे असा ठराव झालेला नाही.' ग्रुपवर मेसेज सुरू झाले. विश्वजीत दोन दिवस नीट जेवला नाही आणि मग त्याने सर्जेरावांना फोन लावला.

सर्जेराव म्हणजे आमची सोसायटी ज्यांच्या शेतावर उभी आहे ते. आता त्यांचं शेत पिरंगुटच्या पुढे. फोन स्पीकरवर होता.

"आरं, दे की पाठवून. शेतावर मोप जागा हाय. मोकळी ऱ्हाईल. रविवारी मीच येतो गाडी घिऊन."

"तिच्या भल्यासाठीच करतोय, काका."

"व्हय, व्हय. समदे तेच म्हणत्यात."

फोन ठेवल्यावर विश्वजीतने मला खुंटीला अडकवायचा प्रयत्न केला तर खुंटी सापडेना त्याला. खारी खालून शेपूट हलवत होती. तिला वाटलं, फिरायला चाललोय. मोकळ्या जागेचं तिला काय करायचं होतं? तिला हा माणूस हवा होता. पण पट्ट्याला तोंड नसतं, हे मी सांगितलंच.

शनिवारी विश्वजीतचं कामावर काहीतरी मोठं बंद पडलं. तो कॉलवरून उठेना, खारी दारापाशी कुंकूं करून थकली. मंदाकिनीबाई भाजीला निघाल्या होत्या. त्यांनी तिला कधीच फिरवलं नव्हतं. तिच्याकडे बघून म्हणाल्या, "चल बाई. पण माझ्याबरोबर यायचं तर माझ्या चालीने यायचं. मला पळवलंस तर परत नेणार नाही."

त्यांच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पर्स. मग मला धरणार कुठे? त्यांनी मला कोपरात अडकवलं, पर्ससारखं. मित्रांनो, मी जन्मात पहिल्यांदा सैल झालो. क्षणभर वाटलं, तुटलोच.

मंदाकिनीबाईंची भाजी म्हणजे अर्धी सकाळ. भेंडीचं टोक मोडून बघायचं, दुधीला नख लावायचं, मेथीची जुडी नाकाशी धरायची आणि परत ठेवायची.

"मावशी, घ्या की आता. किती वास घेताय," गाडीवाला म्हणाला.

"वास घेतल्याशिवाय कळतं का कालची की आजची? तुला घाई असेल तर तू जा घरी, मी बघते गाडी."

वर हे चाललेलं, आणि खाली खारी गाडीच्या चाकाचा वास घेत होती. मग खांबाचा. वरपासून खालपर्यंत, सगळ्या ओळी, काही काही तर पुन्हा. कोणी ओढलं नाही. दोघी एकाच गावच्या वाटल्या मला.

तेवढ्यात समोरून सीतारामकाका आणि लाडू. मी ताठ झालो. आता येणार, आता येणार वरून. काहीच आलं नाही. मंदाकिनीबाई कोथिंबिरीवरून भांडत होत्या, त्यांनी पाहिलंच नव्हतं. खारीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. वरून काही खबर नाही. म्हणजे काय करायचं ते तिलाच ठरवायला लागलं, बहुतेक पहिल्यांदाच. ती जरा वळसा घालून लाडूच्या बाजूने गेली आणि तिने त्याच्या मागच्या बाजूचा वास घेतला. त्याने तिचा घेतला. हसू नका, त्यांच्यात नमस्कार असाच करतात. मग दोन्ही शेपट्या हलायला लागल्या.

सीतारामकाका श्वास रोखून उभे. "मंदाकिनीताई, तुमची कुत्री."

"आहे की ही. काय झालं?"

"काही नाही झालं."

"मग?"

"अहो, तेच सांगतोय. काही झालं नाही."

घरी आल्यावर बाई विश्वजीतला म्हणाल्या, "ती नाही ओढत. तू ओढतोस."

"आई, असं नसतं. तिला रिॲक्टिव्हिटी इश्यू आहे."

"असेल. लहानपणी इंजेक्शनला नेताना तू माझा हात इतका आवळायचास की डॉक्टर दिसायच्या आधी मलाच धडकी भरायची. मलाही तोच इश्यू असेल."

विश्वजीत हसला नाही. "उद्या सर्जेरावकाका येतायत. ठरलंय आता."

रविवारी पांढरी गाडी गेटपाशी लागली. मागचं दार उघडं, आत पोतं अंथरलेलं. विश्वजीत खारीला घेऊन खाली आला. मला त्याने इतकं गुंडाळलं होतं की माझी गादी त्याच्या बोटांत रुतली होती. त्याच्या हाताला घाम फुटला होता आणि त्याला काय वाटतंय ते सगळं माझ्यातून खाली चाललं होतं. खारी थरथरत होती. तिला गाडीचं काही कळत नव्हतं. तिला फक्त हात कळत होता.

आणि नेमके गेटमधून लाडू आणि काका आले. खांदा कानाला. मूठ. खारी गुरगुरली. लाडू बिचारा गोंधळला. काल तर ओळख झाली होती.

मागून मंदाकिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "विश्वजीत, हात बघ."

"कोणाचा?"

"तुझा. तिला कुठे हात आहेत?"

त्याने पाहिलं. बोटं पांढरी पडली होती, आणि माझी कडा तळहातात उमटली होती.

"सोडलं तर पळेल ना ती."

"पट्टा धर. मूठ सोड."

त्याला वाटत होतं, सैल सोडलं आणि काही झालं तर ती गेलीच. मला वाटत होतं, नाही सोडलं तर ती गेलीच. मग त्याने एक वेढा सोडला. पुन्हा एक. मी खाली झुकलो. वरून येणारं थांबलं.

खारीने नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, भिजल्यावर झाडतात तसं. लाडूकडे बघून शेपूट जरासं हलवलं. आणि गेटच्या खांबापाशी जाऊन वाचायला लागली. विश्वजीत तिच्या मागे गेला आणि थांबला. त्याचा फोन वाजला. त्याने वाजू दिला. तिचं वाचून होईपर्यंत तो तिथेच उभा होता.

सर्जेराव सगळं बघत होते. "वैनी, न्यायचं कुनाला ते एकदा ठरवा. कुत्रं तर शानं हाय. पोराला न्यू का? मोप जागा हाय."

विश्वजीतने खाली बसून खारीच्या मानेत तोंड घातलं. "काका, सॉरी. नाही देत."

"मंग च्या तरी पाजा," म्हणत सर्जेरावांनी गाडीचं दार लावलं.

"पाटी मात्र मी काढणार नाही," सीतारामकाका म्हणाले. "लॅमिनेट केलीये."

आता मंदाकिनीबाईंनी ड्रॉवरमधून आणखी एक बंद काढून माझ्या शेवटाला जोडलाय, जुन्या प्रवासी बॅगेचा. तो महाबळेश्वरच्या गोष्टी सांगून डोकं खातो, पण लांबी वाढली. विश्वजीत अजून चुकतो. मॅनेजरचा फोन आला की मूठ आवळतेच, मग मला बघतो आणि सोडतो. तरी खांबांपाशी आता घाई नसते, आणि एकदा खुंटीवरून काढलं की फिरून आल्याशिवाय परत लटकवत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे कुत्रं असेल तर बाहेर पडताना आधी स्वतःचा हात बघा. त्याला थांबावंसं वाटलं तर थांबा. ते चालणं त्याचं आहे, तुम्ही सोबतीला आहात.

आणि खारी, तू आत्ता माझ्याखाली झोपली आहेस तर ऐक. रस्त्यात समोरून गाडी आली तर मी घट्ट होणार, तिथे तुझं ऐकणार नाही. पण बाकी वेळी वरून भीती आली तर ती मी माझ्या शिवणीत अडवून धरीन, तुला कळवणार नाही. आणि तुझं शेपूट हललं, तर ते मात्र दर वेळी वर पोचवीन. शब्द देतो.