सरासरी बावीस

बायकांच्या अंगात चरबी किती, हे मोजायचं माझं काम. व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत बसते. एक पडदा, कातडीची जाडी मोजायचा एक चिमटा आणि एक पायाखालचं यंत्र. लोकांना वाटतं, यंत्र म्हणजे ब्रह्मवाक्य. डोंबल! पायातून बारीकसा करंट जातो, तो वाटेत किती अडला त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. पाळीच्या आधी आकडा वेगळा, पाणी न पिता आलात तर आणखी वेगळा, फुगलेला. चिमट्याचं तर विचारूच नका. माझ्या आणि दुसरीच्या हातात चार टक्क्यांचा फरक पडतो.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी माझ्या सख्ख्या बहिणीचा घात केला.

धाकटी माझी. लाडानं चिमणी म्हणायचो. तिनं जेवण कधी सोडलं ते कळलंच नाही. मग पोट फुगतं म्हणून पाणीही सोडलं. एक दिवस मी तिला ओढतच इथे आणलं. म्हटलं, आकडा बघून तरी डोकं ठिकाणावर येईल. दंडामागची कातडी चिमट्यात धरली तर हाताला काही लागेना. चिमट्याचे सोळा टक्के आले, यंत्राचे अठ्ठावीस. आता कुणाचं खरं मानायचं? आम्हा माप घेणाऱ्यांची एक वाईट खोड आहे, आकडे जुळले नाहीत की सरासरी काढायची. मी काढली. बावीस. बाईमाणसाला अगदी छान! तिच्या कार्डावर तिन्ही आकडे लिहिले, मेहुण्यांनाही फोन करून सांगितलं, घाबरू नका, सगळं ठीक आहे.

"अजून बावीस?" एवढंच ती म्हणाली.

तीन महिन्यांत तिचं हृदय बंद पडलं.

तेव्हापासून ती इथून जात नाही. पडद्याआड कितीही गुबगुबीत बाई उभी राहो, दंडामागे बोट लावलं की मला आधी ती पोकळ कातडीच लागते. कुणी "किती आले?" विचारलं की पाठीमागून तिचा आवाज येतो, अजून बावीस? वळून बघते तर भिंत. वेड लागलं असतं तर बरं झालं असतं.

काल दुपारी चिमणीची मुलगी आली. एकोणीस वर्षांची, वसतिगृहात राहते, आईपेक्षा टीचभर उंच. अंगात ढगळ सदरा.

"मावशी, माझंही माप घे ना."

"आधी पाणी पी."

"नको गं, पोट फुगतं."

मी पाण्याचा पेला पुढे केला. तोवर ती चपला काढून यंत्रावर चढलीसुद्धा. वजन जुळलं की हे यंत्र आधी नोंदवलेल्या बाईचं नाव आपणहून दाखवतं. काचेवर अक्षरं उमटली.

चिमणी.

पोरीनं नाव पाहिलंच नाही, ती खालचा आकडा बघत होती.

"बाप रे, सत्तावीस! चिमट्यानंही घे ना. मग सरासरी काढू. आईची काढली होतीस तशी. तिचं कार्ड आहे माझ्याकडे."

सांगावं तर ही जन्मात माझं तोंड बघणार नाही. न सांगावं तर हीही जाईल.

"तुझ्या आईचा आकडा खोटा होता," मी म्हटलं. "ती वाळून गेलीय हे माझ्या हाताला कळत होतं, तरी मी बावीस लिहिलं. हे सत्तावीसही खोटं आहे, तू पाणी पीत नाहीस म्हणून आलंय. यंत्रानं एकच गोष्ट खरी सांगितली. वर बघ."

तिनं वाचलं. "आईचं नाव का आलं?"

"तिचं इथलं शेवटचं वजन आणि तुझं आजचं वजन एकच आहे."

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तेव्हा तू खरं बोलली असतीस तर आई असती."

"हो. असती."

मी म्हटलं, "हव्या तेवढ्या शिव्या घाल. जन्मभर बोलू नकोस माझ्याशी. पण आत्ता माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल."

ती उतरली. मी पुढे केलेला हात तिनं धरला नाही. चपला घातल्या आणि दाराशी जाऊन माझी वाट बघत थांबली.